काचेच्या पेटीतील संसार
(महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आमच्या भाषणाचा विषय घरी माशांची वीण करून पिले वाढविणे हा आहे, असे कळविताच चिटणीस हसून म्हणाले, "मास्तर, रश्श्याची कृतीही सांगा." ती आम्हांस येत नाही. आम्ही सांगणार आहोत ते दोन इंच लांबीच्या एका निळसर माशाविषयी. त्याला शौकीन मंडळी 'रॅम' म्हणतात. या नावाचा मेंढ्याशी काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला व कोलंबिया देशांत, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील गवताळ सपाटीवर हा मासा राहतो. १९४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा रामिरेझ नावाच्या मत्स्यसंग्राहकावरून त्याचे नामकरण झाले, आणि त्या लांबलचक नावाचे लोकांनी 'रॅम' केले.

याची भाऊबंदकी आपल्याला परकी नाही. गोव्याकडे चवीने खातात तो कालुंदर याच कुळातला. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात, तोही याच कुळातला. या कुळाचे वैशिष्ट्य असे की आईबाप अंडी टाकून निघून जात नाहीत. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून फिरते. कालुंदराच्या पिवळ्या भावंडाची पिले तर आईबापाच्या अंगावरचा चिकट द्रव टिपून खातात. रॅमचे जोडपे अंडी सपाट दगडावर घालते आणि पाळीपाळीने राखण करते.

निदान पुस्तकात तसे लिहिलेले आहे. आमच्या घरी पहिल्या रात्रीच जोडप्याने आपली अंडी खाऊन टाकली!

आम्ही विज्ञानाचे पदवीधर, त्यावर बी. एड. झालेले. वीस वर्षे मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवीत आलो. तेव्हा आम्ही निकाल दिला की हे आईबाप नालायक आहेत. दुसऱ्या खेपेस अंड्यांचा दगड उचलून बरणीत ठेवला, हवेची नळी सोडली, बुरशी धरू नये म्हणून निळे औषध घातले. दोन दिवसांत सारी अंडी पांढरी पडली. तिसऱ्या खेपेस औषध दुप्पट केले. परिणाम तोच. आमच्या अम्मा हे सारे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, चहाच्या पातेल्यात दर आठवड्याला चुना बसतो, तो मी खरवडून काढते. तेच पाणी तू त्या जिवांना देतोस ना?"

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही नववीच्या मुलांकडून साबणाचा प्रयोग करविला. पावसाच्या पाण्याला साबणद्रावणाच्या चार थेंबांत फेस आला. आमच्या विहिरीच्या पाण्याला तीस थेंब घालूनही नीट येईना. निपाणीच्या काळ्या मातीखालील खडकातले पाणी दुष्फेन. खानापूरकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी त्या मानाने सुफेन. ओरिनोकोच्या खोऱ्यातले पाणी पावसासारखेच मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. चुन्याच्या पाण्यात या माशाची अंडी नीट फळतच नाहीत, आणि न फळलेली अंडी पांढरी पडतात. पहिली वीण जोडप्याने खाल्ली ती कशामुळे, हे ठामपणे सांगता येत नाही. नवखी जोडपी पुष्कळदा तसे करतात. पण पुढच्या दोन्ही खेपांचा दोष औषधाच्या बाटलीने भरून निघणारा नव्हता, आणि जोडप्याचा तर नव्हताच.

मग मृगाच्या पावसाने कौले धुऊन जाऊ दिली आणि आर्द्राचे पाणी पिंपात धरले. येथे निपाणीकरांना एक इशारा. ज्यांचे घर तंबाखूच्या वखारीला लागून आहे त्यांनी छपराचे पाणी धरू नये, आणि जर्दा मळलेला हात तर पेटीत मुळीच घालू नये. तंबाखूचा अर्क माशांना विषच आहे. तीन भाग पावसाचे पाणी, एक भाग विहिरीचे, आणि शाळेच्या आवारातील देशी बदामाची चार वाळलेली पाने. पाणी फिकट चहासारखे झाले. सामू सातच्या खाली उतरला. विजेच्या कांडीने उष्णता २८ अंशांवर ठेवली.

जुलैत जोडप्याने पुन्हा दगड साफ केला. सुमारे दीडशे अंडी असावीत. या खेपेस आम्ही काही केले नाही. फक्त समोरच्या काचेवर कागद लावला आणि मुलांना लांब बसविले. नर-मादी परांनी वारा घालीत, पांढरे पडलेले अंडे तेवढे वेचून खात. अडीच दिवसांनी अंडी फुटली. आईबापांनी पिले तोंडाने उचलून वाळूतल्या खळग्यात नेली. चारपाच दिवसांनी तो पुंजका ढगासारखा वर उठला आणि आईच्या मागे चालू लागला, तेव्हा घरातले सारे ओट्यावरची कामे टाकून धावले.

त्याच रात्री वीज गेली. आम्ही गाढ झोपेत होतो. पहाटेच्या नमाजासाठी उठलेल्या अम्मांना हवेच्या पंपाची घरघर ऐकू येईना. त्यांनीच चूल पेटविली, कोमट पाणी बाटल्यांत भरून त्या पेटीत तरंगत सोडल्या आणि भोवती वाकळ गुंडाळली. वीज आली ती उजाडल्यावर. पिले सुखरूप होती.

पिलांचे अन्न ही खरी कसोटी. पहिले तीन दिवस पेंढ्याच्या कुजवणीतले सूक्ष्म जीव द्यावेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहणे हा मुलांना वेगळाच आनंद. पुढे आर्टेमिया. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम जाडे मीठ घालून त्यात तिची अंडी हवेच्या नळीने ढवळत ठेवली की दीड दिवसात नारिंगी जीव बाहेर येतात. ते फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावेत. थोडे, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. एका रविवारी प्रेमाच्या भरात आम्ही सबंध वाटी ओतली. उरलेले मेले, पाणी गढूळ झाले आणि तीसएक पिले गेली. तेव्हापासून रोज दशांश पाणी बारीक नळीने काढून तेवढेच, त्याच उष्णतेचे, घालण्याचा नेम ठेवला आहे.

दोन महिन्यांनी अडतीस पिले उरली. ती आम्ही विकली नाहीत. ज्या मुलांनी साबणाचे थेंब मोजले होते त्यांच्यापैकी नऊ जणांच्या घरी गेली. एकच अट घातली, की नको झाली तर परत आणून द्यावीत, तलावात सोडू नयेत. चिलापी आपल्या तळ्यांत कशी माजली ते सर्वांना ठाऊक आहे.

पुढच्या पावसाळ्यात आणखी पिले होतील अशी आशा आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी अवश्य घरी यावे. मात्र येण्यापूर्वी आपल्या चहाच्या पातेल्याचा तळ एकदा पाहून यावा. अम्मा तेच विचारणार आहेत.