लोकगीत मैफलीत येते तेव्हा



स्पेनची लोकगीते आणि त्यांतून उभे राहिलेले पाश्चात्य अभिजात गायन, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय दूरदेशीचा खरा. पण त्याच्या पोटातला प्रश्न आपल्याला परका नाही. शेतात, अंगणात, पाळण्यापाशी म्हटले जाणारे गीत तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे येते, तेव्हा त्याचे काय होते? ते तगते की संपते?

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्या बैठकीत गवई चीज घेतो आणि तिथल्या तिथे ती फुलवितो. तिकडे रचनाकार स्वर लिहून देतो आणि गायिका पियानोशेजारी उभी राहून ते गाते. त्यामुळे लोकगीत मैफलीत नेण्याचे काम आधी कागदावर होते. गावागणिक निराळी असलेली चाल कागदावर आली की एकच होऊन बसते. हा पहिला तोटा. तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

आता मान्युएल दे फाया या रचनाकाराकडे वळू. त्याचा जन्म 1876 साली, कादिस या बंदरात. त्याचे गुरू फेलिपे पेद्रेल यांनी लोकसंगीताचा चार खंडांचा मोठा संग्रह केला होता आणि राष्ट्राचे संगीत लोकांच्या गाण्यातून उगवले पाहिजे, हा ध्यास शिष्याला दिला होता. 1907 ते 1914 फाया पॅरिसमध्ये होता. तेथेच 1914 मध्ये त्याने 'सात स्पॅनिश लोकगीते' हा गुच्छ रचला. 1915 च्या जानेवारीत माद्रिदच्या अतेनेओ या संस्थेत तो प्रथम गायिला गेला आणि पियानोवर स्वतः फाया बसला होता.

सातही गीते मिळून पाव तासाचीसुद्धा नाहीत. पण त्यांत स्पेनचे निरनिराळे प्रांत बोलतात. पहिल्या गीतात दुकानातल्या उंची कापडाला डाग पडला म्हणून त्याची किंमत उतरते. कापडाच्या मिषाने कोणाविषयी बोलले जात आहे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. आस्तुरियाच्या गीतात एक दुःखी जीव पाइनच्या झाडाला टेकतो आणि त्याचे रडे पाहून झाडही रडू लागते. 'होता' या नृत्यगीतात पियानो नाचतो, पण गळा शांतपणे निरोप घेतो. मग थोड्याच स्वरांत फिरणारी अंगाई येते. आणि शेवटच्या 'पोलो'त गिटारच्या तारांसारखा पियानो खणखणतो व 'आय्' या एकाच उद्गारावर गायिका आपला सगळा संताप ओतते.

फायाने यात काय केले? काही चाली त्याने जवळजवळ जशाच्या तशा ठेवल्या. काही त्याच्या हातून पुष्कळ बदलल्या. पण गळ्यामागचा पियानो मात्र सर्वस्वी त्याचा आहे. लोकगीताच्या अक्षरापेक्षा त्याचा आत्मा महत्त्वाचा, असे त्याचे मत होते. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांत दडलेले राग शोधले. तेथेही धुनेची नक्कल करण्यापेक्षा तिच्या पोटातले काही उलगडण्याचाच प्रयत्न होता.

परंतु गीताचा आत्मा घेतला, म्हणजे ते गीत वाचले असे होते का? ही शंका फायालाही छळत असावी. 1922 च्या जून महिन्यात, 13 आणि 14 तारखेला, त्याने कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि इतर मित्रांसह ग्रानादाच्या अलहंब्रामध्ये 'कान्ते होंदो' म्हणजे खोल गळ्याच्या गाण्याची स्पर्धा भरविली. कॅफेतल्या गाण्याने ही जुनी कला बिघडते आहे, म्हणून धंदेवाईक गायकांना तेथे मज्जाव होता. बक्षिसे मिळविणाऱ्यांत दिएगो बेर्मुदेस नावाचा वृद्ध होता, तसा मानोलो काराकोल हा 12 वर्षांचा मुलगाही होता. यातली गंमत पाहा. परीक्षकांचा प्रमुख आंतोनियो चाकोन हा त्या काळचा सर्वांत नामांकित धंदेवाईक गायक; आणि तो लहानगा काराकोल पुढे धंदेवाईक रंगभूमीवरच गाजला. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच गळ्यात ती कला जगली!

त्या प्रसंगी काढलेल्या पुस्तिकेत फायाने या गाण्याचे तीन झरे सांगितले: बायझंटाईन चर्चचे गायन, अरबांचे संगीत आणि जिप्सी लोकांचे आगमन. हे सांगताना त्याने हिंदुस्थानी संगीताशीही तुलना केली आहे. जिप्सींच्या रोमानी भाषेचे मूळ भारतात आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यांचे एक, दोन, तीन हे 'येक, दुय, त्रिन' असे आहेत. दहाला 'देश' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. वाटेत ग्रीसचा मुक्काम लांबला, म्हणून सात, आठ, नऊ हे आकडे मात्र ग्रीक झाले. हे ऐकून आपला ऊर भरून येतो. पण भाषा आली म्हणून रागही आले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शब्दांचा माग जितका लागतो, तितका सुरांचा लागत नाही.

लोर्का स्वतः उत्तम पियानो वाजवीत असे. 1928 मध्ये त्याने अंगाईगीतांवर व्याख्यान दिले आणि विचारले, की स्पेनमधल्या माता मुलांना निजविण्यासाठी इतक्या करुण चाली का निवडतात? 1931 मध्ये 'ला आर्खेन्तिनिता' या कलावतीच्या साथीने त्याने दहा जुनी गीते ध्वनिमुद्रित केली. पाच वर्षांनी, 1936 च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्धाच्या आरंभीच त्याची हत्या झाली. पण त्याचे शब्द संगीतात फिरत राहिले. 1970 मध्ये जॉर्ज क्रम या अमेरिकन रचनाकाराने त्याच्या कवितांवर 'मुलांचे प्राचीन आवाज' ही कृती रचली. तीत गायिका उघड्या पियानोत तोंड घालून गाते, त्यासरशी आतल्या तारा आपोआप घुमू लागतात आणि पडद्याआडून एका मुलाचा आवाज येतो. येथे एकही लोकचाल शिल्लक नाही. तरी अंगाईतली ती भीती मात्र शिल्लक आहे. 2004 मध्ये ओस्वाल्दो गोलिहोव्हने डॉन अपशॉ या गायिकेसाठी 'आय्रे' रचले. त्यात 1492 साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या लादिनो भाषेतील गीते अरबी गीतांशेजारी उभी आहेत. ज्या भूमीने त्या लोकांना घर नाकारले, तिची आठवण त्यांच्या लेकीबाळींनी पाळण्यापाशी जपली होती.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मैफल लोकगीताला वाचवीत नाही. आई गाते, शेतकरी गातो, तोवरच ते जिवंत असते; ती परंपरा तुटली तर कितीही मोठ्या रचनाकाराला ती सांधता येणार नाही. मैफल त्यातून एक नवे अपत्य जन्माला घालते, आणि ते सशक्त असेल तर आईची आठवण पुसत नाही. भीती निराळीच आहे. छापील पानावर रचनाकाराचे नाव येते, गायिकेचे नाव येते. पण जिने ती चाल पहिल्यांदा गुणगुणली तिचे नाव कोठेच नसते. त्या अनामिकेचे ऋण मानणे एवढे तरी श्रोत्यांच्या हाती आहे.

म्हणून आपणांस एवढीच विनंती, की फायाची ती अंगाई कधी कानावर पडली तर दोनदा ऐका. एकदा रचनाकारासाठी आणि एकदा त्या अनाम मातेसाठी.