एकाच नावाची दहा फुलपाखरं

मागच्या आठवड्यात मी म्हणालो की पुढचा भाग फुलपाखरावर, तर लगेच मेसेज आले, "अरे, तू तर कोडिंगवाला, फुलपाखरं कुठून काढलीस?" त्याचं उत्तर एका चुकीत आहे. चूक माझीच.

दोन वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका यादीतल्या डुप्लिकेट नोंदी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी स्क्रिप्ट लिहिली. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. गावाकडच्या मंडळींना आत्ताच हसू आलं असेल. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख! तर एकाच गावात एकाच नावाचे, १ जूनवाले दोन काका निघाले. साल पण तेच. माझ्या स्क्रिप्टने दोघांचा एक केला आणि एका काकांचे पैसे दोन महिने अडकले. फोनवर म्हणाले, "बाळा, मी जिवंत आहे ना, मग यादीत का नाही?"

त्याच दिवसांत मी अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्जरेटरबद्दल वाचलं. हे स्किपर जातीचं फुलपाखरू. स्किपर म्हणजे जाड अंगाची, टुणटुण उड्या मारल्यासारखी उडणारी फुलपाखरं. हळदीच्या पानाची गुंडाळी करून आत बसणारी अळी पाहिलीय? तीही याच कुटुंबातली. फुल्जरेटर मात्र अमेरिकेतलं, टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत सापडतं. काळपट पंख, त्यावर पांढरा पट्टा आणि अंगाजवळ चमकदार निळा रंग. १७७५ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. दोनशेहून जास्त वर्षं सगळे म्हणत होते, हे एकच फुलपाखरू आहे, आणि सगळीकडे भरपूर आहे.

कोस्टा रिकाच्या वायव्येला ग्वानाकास्तेचं जंगल आहे. तिथे डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स हे शास्त्रज्ञ जोडपं वर्षानुवर्षं अळ्या पाळत होतं. जंगलातून अळ्या शोधून आणायला तिथलीच गावातली माणसं होती. अळी पिशवीत ठेवायची, ती ज्या झाडावर सापडली त्याचाच पाला खायला द्यायचा, फुलपाखरू बाहेर आलं की नोंद करायची. अशी पंचवीस वर्षं! (आपण पंचवीस दिवस लॉग नीट लिहीत नाही.) या नोंदींत गोम दिसली. फुलपाखरं सारखीच, पण अळ्या वेगवेगळ्या. कुणाच्या अंगावर पिवळे पट्टे, कुणाचे निराळेच. आणि पुष्कळदा त्यांची झाडंही वेगवेगळी.

मग डीएनए बारकोडिंग आलं. कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली होती. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या एका जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि त्यावरून प्रजाती ओळखायची. साडेचारशेहून जास्त फुलपाखरांची अक्षरं वाचली, त्यांचे गट पाडले, ते गट अळीच्या रंगाशी आणि झाडाशी ताडून पाहिले. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला. हे एक फुलपाखरू नाही, त्या एवढ्याशा भागात किमान दहा प्रजाती आहेत.

आता यात बिघडलं काय? समजा यातली एक प्रजाती एकाच जातीच्या झाडावर जगते. ती झाडं तुटली, ती संपली. यादीत मात्र "फुल्जरेटर: भरपूर" असंच राहणार. कुणाला कळणारही नाही. मला तर लगेच काकाच आठवले.

पण थांबा, गोष्ट इतकी सरळ नाही. २००६ मध्ये अँड्र्यू ब्रॉवर यांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि म्हणाले, दहा नाही, तीन ते सात गट टिकतात. मला हा आक्षेप पटतो, कारण एक बारकोड म्हणजे एकच कॉलम. शिवाय त्यात एक भारी बग आहे. या जनुकाची जुनी नक्कल कधी कधी पेशीच्या केंद्रकात पडून असते. कामाची नसते, कॉपी-पेस्ट करून विसरलेल्या कोडसारखी. चुकून तीच वाचली तर एका प्राण्याचे दोन दिसतात! दहापैकी एका गटाचं तात्पुरतं नावच या नकलेवरून पडलं होतं. गंमत म्हणजे २०१० मध्ये याच ब्रॉवर यांनी दहाही गटांना रीतसर शास्त्रीय नावं दिली, आणि हा वाईट पायंडा आहे असं शीर्षकातच लिहून टाकलं.

तरी मी कुणाच्या बाजूने? अळ्यांच्या. नुसता बारकोड असता तर मी गप्प बसलो असतो. पण रंग, झाड आणि डीएनए, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर सगळ्यांना एकाच नावाखाली ढकलायला माझा हात धजत नाही.

माझ्या टेबलमध्येही जमिनीच्या गट नंबरचा कॉलम होता. मी तो वापरलाच नव्हता. आता गट नंबर वेगळा असेल तर स्क्रिप्ट स्वतःहून काही जोडत नाही, माणसाकडे पाठवते. पैसे जमा झाल्यावर काकांना फोन केला आणि काय घोळ झाला होता ते सांगितलं. ते हसायलाच लागले. "तो दुसरा ना? अरे, तो वरल्या आळीचा. शाळेत माझ्या शेजारीच बसायचा. मला विचारायचंस की!"

चला, भेटू पुढच्या भागात.