ध्यानाभ्यासाचा श्रीगणेशा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ध्यान या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी सूचना चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही त्यांस स्पष्टच सांगितले की, आम्ही योगी नव्हे आणि शास्त्रीही नव्हे. आमचे आयुष्य मुलांना बाराखडी शिकविण्यात गेले. समाधीविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु नवशिका कोठे अडतो, हे मात्र शिक्षकाला थोडेबहुत उमगते. तेव्हा आजचे हे बोलणे केवळ पहिल्या इयत्तेपुरते आहे, असे समजावे.

आपल्या ज्ञातीतील अनेक वडीलधारी मंडळी आम्हांस भेटत असतात. मुले नोकरीनिमित्त दूर, काहींची तर परदेशी. घरात दोघेच, क्वचित एकटेच. रात्री झोप येत नाही आणि दिवसा कशात मन रमत नाही. यांतील पुष्कळांनी कोणाचे तरी ऐकून डोळे मिटून बसण्याचा प्रयत्न केलेला असतो आणि पंधरवड्याच्या आत तो सोडूनही दिलेला असतो. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले: "गुरुजी, मन एका जागी राहतच नाही. हे आमच्या नशिबी नाही." ज्या गोष्टीचा उतारवयात आधार व्हावयाचा, तिच्यातून ही भली माणसे स्वतःस नालायक ठरवून उठतात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. आमचे आजचे सारे सांगणे म्हणजे या एका तक्रारीचे उत्तर आहे.

ही तक्रार नवी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही हीच केली आहे. मनाला आवरणे म्हणजे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण, असे तो म्हणतो. भगवंतांनी त्याचे म्हणणे खोडून काढले नाही. मन चंचल आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. आधुनिक संशोधनही हेच सांगते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2,250 प्रौढांना दिवसातून वेळोवेळी मोबाईलवर प्रश्न विचारले आणि 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, माणसाचे मन जागेपणीचा सुमारे 47 टक्के वेळ हातातील कामावर नसतेच. तात्पर्य, मन पळणे हा आपला खासगी दोष नसून तो मनाचा स्वभावच आहे.

मग ध्यान म्हणजे काय? आम्ही आमच्या परिचयाचा दाखला देतो. मूल प्रथम पाटीवर कित्ता गिरवते, तेव्हा त्याची पेन्सिल रेघेबाहेर जातेच जाते. शहाणा शिक्षक त्याच्या पाठीत धपाटा घालीत नाही. त्याचा हात धरून पेन्सिल पुन्हा रेघेवर आणून ठेवतो. असे शंभर वेळा घडते, तेव्हा कोठे 'ग' वळणदार येतो. ध्यानातही मन रेघेबाहेर जाणारच. ते गेले आहे, हे ध्यानी येणे आणि त्याला रागे न भरता परत आणणे, हाच अभ्यास होय. दहा मिनिटांत मन वीस वेळा पळाले आणि वीस वेळा परत आणले, तर ती बैठक वाया गेली नाही. आपला कित्ता वीस वेळा गिरवून झाला!

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. पहाटे, घरातील वर्दळ सुरू होण्यापूर्वीची वेळ उत्तम. आसन फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे, असे गीतेत म्हटले आहे. चटईवर घडी केलेले घोंगडे पुरे. गुडघे कुरकुरत असतील, तर पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही. डोळे हलकेच मिटावेत. श्वास मुद्दाम दीर्घ करू नये, रोखूही नये. तो आपोआप नाकपुडीशी आत येतो आणि बाहेर जातो, एवढेच पाहावे. प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, असे दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा एकपासून आरंभ करावा. मोजणी चुकली, तर मुकाट्याने एकवर यावे. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. ज्यांस नामजपाची सवय आहे, त्यांनी श्वासाऐवजी नाम घ्यावे. रीत तीच, फक्त माळ बोटांत फिरते आणि मन बाजारात, असे झाले की नामाकडे परत यावे.

या वाटेवरील विघ्ने पतंजलींनी योगसूत्रांत मोजून नऊ सांगितली आहेत. त्यांत आजारपण, संशय आणि आळस तर आहेतच. पण मिळविलेली पायरी टिकवून धरता न येणे हेही आहे. म्हणजे आपल्या अडचणी त्या ऋषींस ठाऊक होत्या! त्यांच्या मते अभ्यास दृढ व्हावयास तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक करावा लागतो. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक मोलाची, ती याचसाठी.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीस 1976 पासून धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आहे. कै. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांचे मौन-शिबिर तेथे होते आणि त्यास शुल्क नसते. त्या दहांतील पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहण्यातच जातात. सारी कामे सोडून बसलेल्यांनाही पहिल्या धड्यास तीन दिवस लागत असतील, तर आपण पंधरवड्यात निराश का व्हावे?

दोन सावधगिरीच्या सूचना. ध्यान हे औषध नव्हे. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थेने 2017 साली ध्यानाचा विचार नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून करता येईल, असे म्हटले. उपचारांच्या ऐवजी नव्हे. तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तसेच ज्यांस तीव्र नैराश्य वा अन्य मनोविकार आहे, त्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून दीर्घ मौन-शिबिरास जाऊ नये.

कोणी विचारतील, प्रगती ओळखावी कशी? प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, यांच्या मागे लागू नये. परीक्षा आसनावर होत नाही, ती उठल्यावर होते. ध्यान करून उठलेले आजोबा चहाला उशीर झाला म्हणून सुनेवर खेकसत असतील, तर तो धडा अजून व्हावयाचा आहे. उलट रागाचा शब्द ओठांवर आला आणि तो बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर आपल्याला दिसला, तर समजावे की अभ्यास अंगी लागत आहे. तेवढ्या एका क्षणाने कित्येक घरांतील अबोला टळू शकेल.

तेव्हा ज्यांनी हा प्रयत्न सोडला असेल, त्यांनी उद्या पहाटे पुन्हा बसावे. मन पळेल, त्याला परत आणावे. पुन्हा पळेल; पुन्हा आणावे. इतकाच हा श्रीगणेशा आहे आणि तो गिरविण्यास कोणतेही वय आड येत नाही.