तपासणी हवी, मानखंडना नको

डिसेंबर 2017 मध्ये जळगावहून मुंबईचे विमान सुटले आणि जळगाव-धुळ्याच्या सामान्य कुटुंबांनाही सुरक्षा तपासणीची रांग घराजवळची झाली. ही रांग अनाठायी नव्हे. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान अपहरणकर्त्यांनी कंदाहारला नेले. त्यानंतरच 2000 पासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली.

एप्रिल 2009 मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची अंगझडती घेतली. नियमाने त्यांना सूट होती, तरी त्यांनी अवाक्षर काढले नाही. (सवलतीच्या यादीत नाव यावे म्हणून झुरणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे!)

परंतु ऑक्टोबर 2021 मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, ही व्यथा जाहीरपणे मांडली, तेव्हा सुरक्षा दलाला क्षमा मागावी लागली. स्फोटके शोधणाऱ्या यंत्राने तपासा, एवढेच त्यांचे मागणे होते. खासगीपणाच्या हक्कावरील बंधन प्रयोजनाच्या प्रमाणातच असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजीच सांगितले होते. सुधा चंद्रन यांचा आवाज देशाने ऐकला. जयपूर फूट लावलेला खानदेशातील एखादा शेतकरी उद्या त्या रांगेत उभा राहिला, तर त्याची क्षमा कोण मागणार?