एका उपवाक्याची 52 वर्षे

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या परिषदेपुढे 1972 साली अटलांटा येथे सामाजिक तत्त्वांचा मसुदा आला. समलिंगी व्यक्तींचेही मोल पवित्र आहे, असे त्यात म्हटले होते. समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, हे उपवाक्य मसुद्यातले नव्हे. ते भर सभेत दुरुस्ती म्हणून जोडले गेले. आणि, खेद वाटतो तो याचा, त्यातून उपजलेल्या नियमांनी पुढे काही पाळकांची पदे गेली. 2024 साली शार्लट येथील परिषदेने ते वगळले. विवाहाच्या व्याख्येत स्त्रीपुरुषांबरोबर कोणत्याही दोन सज्ञान व्यक्तींनाही स्थान मिळाले. असा विवाह लावण्याची सक्ती मात्र पाळकांवर नाही. तत्पूर्वी अमेरिकेतील सुमारे 7,600 स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. त्या असत्या, तर हा ठराव इतक्या सहज संमत झाला असता, असे मला वाटत नाही.