साधनांची पारख आणि माध्यमिक शाळेतील इतिहास



माध्यमिक शाळेत इतिहास कशासाठी शिकवावा या प्रश्नाची उत्तरे देशाभिमान, नागरिकत्व, थोरांचे स्मरण अशा अनेक अंगांनी दिली गेली आहेत. तथापि चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला या विषयाने सर्वांत आधी द्यावयाची गोष्ट म्हणजे पुरावा पारखण्याची सवय होय, आणि राज्याच्या अभ्यासक्रमाने हे तत्त्वतः मान्यही केले आहे. बालभारतीच्या नववीच्या पुस्तकाचा प्रारंभ ‘इतिहासाची साधने’ या पाठाने होतो, तर २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांना आणि ‘उपयोजित इतिहासा’ला, म्हणजे भूतकाळाच्या ज्ञानाच्या आजच्या लोकजीवनासाठी केलेल्या उपयोगाला, स्वतंत्र पाठ मिळाले. सनावळीपलीकडे टाकलेले हे पाऊल मोलाचे होते. परंतु परीक्षेत या पाठांवर ‘चुकीची जोडी ओळखा’, ‘टीप लिहा’ असेच प्रश्न येत असल्याने मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेचा आग्रह धरणाऱ्या रांकेचे नावही विद्यार्थी अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ करतात, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

साधन म्हणजे जिच्यावरून गतकाळाविषयी एखादे विधान करता येते अशी कोणतीही खूण, मग ती कागद असो, वास्तू असो वा माणसाची आठवण. अशा खुणांसाठी वाकोल्यासारख्या मुंबईच्या उपनगरातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. मुंबईच्या उपनगरांत नुसते ‘सव्वीस जुलै’ म्हटले तरी वर्ष सांगावे लागत नाही. २००५ सालच्या त्या महापुराच्या दिवसाची नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस अशी आहे, आणि त्याच काळात त्याच शहरातील कुलाब्याच्या वेधशाळेने जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदवला. दोन्ही नोंदी अस्सल आहेत, दोन्ही शासकीय आहेत; तरीही केवळ कुलाब्याची नोंद हाती लागलेला उद्याचा अभ्यासक मुंबईत त्या दिवशी विशेष काही घडलेच नाही असे लिहून मोकळा होईल. अस्सल साधनही त्याच्या जागेपुरतेच बोलते, हा इतिहासशास्त्रातील गाभ्याचा नियम नववीच्या वर्गाला याहून स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

पुढचा टप्पा आठवणींचा आहे. आज शाळेत असलेल्या मुलांचा जन्म त्या पुरानंतरचा असल्याने त्यांना आईवडिलांकडे, शेजाऱ्यांकडे विचारणा करावी लागेल. अशा सांगण्यातून मिळणाऱ्या माहितीला मौखिक साधन म्हणतात. पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढले हे सांगणारा बहुधा चुकत नाही, पण ते का चढले हे सांगताना तो ऐकीव गोष्टीही सांगतो. धरण फुटल्याची अफवा त्या दिवसांत उपनगरांत पसरली होती आणि जुहूच्या नेहरूनगरात तिच्यामुळे उडालेल्या चेंगराचेंगरीत माणसे दगावली. धरण फुटले नव्हते, पण अफवा मात्र घडलेली घटना आहे. म्हणून खोटे विधानही कोणत्या गोष्टीचा पुरावा ठरते हे विद्यार्थ्याने शोधले पाहिजे. त्यानंतर त्याने पुराच्या कारणांचा शोध घेणाऱ्या माधवराव चितळे समितीच्या २००६ च्या अहवालाकडे वळावे आणि मिठी नदी, तिला मिळणारा वाकोला नाला, विमानतळाच्या धावपट्टीखालून गेलेले पात्र, काठावरचे भराव व समुद्राची भरती यांची सांगड घालावी. येथे नैसर्गिक कारण आणि माणसाने घडवलेले कारण वेगळे करण्याचे काम सुरू होते, आणि ते अवघड असल्यामुळेच ते वर्गात व्हावे.

ही सवय एकदा लागली की, ही उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्या साष्टीचा जुना इतिहासही वेगळा दिसू लागतो. १७३९ साली मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्याच्या दोन वर्षे आधीच साष्टी बेट मराठ्यांकडे आले होते आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवरील ठाणे घेतले. या घटना मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदपत्रांत तीन वेगवेगळ्या नजरांनी आल्या आहेत. वाकोला, कालिना यांसारख्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती, कुटुंबांच्या आठवणींनाही या इतिहासात स्थान असणे न्याय्यच आहे.

पुराव्याची ही पारख परीक्षेतही तपासली गेली पाहिजे. इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यावरचा प्रश्न आजही असतो, परंतु त्याचे उत्तर उताऱ्यातच दडलेले असते. त्याऐवजी एकाच घटनेविषयी न जुळणारे दोन उतारे द्यावेत, आणि विद्यार्थी कोणत्या निष्कर्षाला पोहोचला हे न पाहता त्याने दिलेल्या कारणांना गुण द्यावेत, अशी मागणी इतिहास-शिक्षकांच्या या परिषदेने राज्य मंडळापुढे ठेवावी.