स्वराज्य आणि सह्याद्रीचे रान



स्वातंत्र्याची मागणी का झाली, हे सांगताना आपण करांचा बोजा, बुडालेले हातमाग, वृत्तपत्रांवरील निर्बंध यांचा निर्देश करतो. रानाचे कारण सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना परसत्ता म्हणजे काय, हे प्रथम कळले ते जंगलखात्याच्या रखवालदाराकडे पाहून. आज आपणापुढे तोच पक्ष मांडावयाचा आहे.

इंग्रजांनी जंगलाचा पहिला कायदा १८६५ साली केला. त्याहून कडक असा दुसरा १८७८ साली झाला. त्याने रानांचे राखीव, संरक्षित व ग्राम असे तीन वर्ग पाडले. पैकी तिसरा वर्ग बहुतेक कागदावरच राहिला. आगगाडीच्या रुळांखाली घालावयास लाकूड हवे होते, तिजोरीस उत्पन्न हवे होते. परंतु डोंगरकडेच्या शेतकऱ्यास त्याच रानातून सरपण, नांगराचे लाकूड, भाताच्या राबासाठी पाला आणि गुरांसाठी चारा मिळत असे. काल जे वहिवाटीने त्याचे होते, ते आज परवानगीचे झाले, आणि परवानगी नसेल तर चोरीचे.

हे दुःख प्रथम रोखठोकपणे मांडले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, गायरानांसह सारे डोंगर जंगलखात्याने गिळल्यामुळे गरिबाच्या शेळीसही जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. तेवढ्यावर ते थांबत नाहीत. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरते, म्हणून पाणी जागोजागी मुरेल असे बंधारे घाला, आणि या कामी लष्करातील व पोलिसांतील माणसे लावा, असे ते सुचवितात. फुले राजकीय स्वातंत्र्य मागत नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु रान, माती, पाणी व शेतकरी ही एकच साखळी आहे, आणि ती दुरून हुकूम सोडणाऱ्यास दिसत नाही, हा विचार त्यांच्या लेखणीतून आला.

यावर एक आक्षेप संभवतो, व तो क्षुल्लक नाही. रान राखण्याची दृष्टी इंग्रज अधिकाऱ्यांपैकी काहींना निश्चित होती. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने वैद्य. जंगलतोडीने झरे आटतात, याची चिंता त्यांनी वाहिली. परंतु चिंता वाहणारा अधिकारी निराळा आणि राज्याची गरज निराळी. दोन्ही महायुद्धांच्या काळात लष्करासाठी याच राखीव रानांवर कुऱ्हाड जोराने चालली. गुराख्यापासून जपलेले झाड अखेर कोणासाठी जपले होते, याचे उत्तर त्यात मिळते.

१९३० साली मिठाचा कायदा मोडण्यासाठी देश समुद्राकडे निघाला. महाराष्ट्राच्या अंतर्भागात समुद्र कोठला? तेथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापले. २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे गोळीबार होऊन माणसे मेली. आणि आपल्या कोल्हापूरच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या बिळाशी येथे, गावकऱ्यांनी सागाचे झाड तोडून त्याच्या खांबावर तिरंगा उभा केला. तेथेही पोलिसांच्या गोळ्यांना माणसे बळी पडली.

झाड तोडून रानाचा कैवार घेणे, हा कसला न्याय, असे एखादा सुशिक्षित विचारील. याच डोंगरांतील देवरायांकडे त्याने पाहावे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानातून वाळकी काटकी उचलण्यासही गावकरी कचरतात. जे रान आपले आहे असे वाटते, ते माणूस राखतो; ज्यात उद्या पाऊल टाकता येईल की नाही याची शाश्वती नाही, तेथून तो आजच ओरबाडतो. बिळाशीचा साग तोडला गेला तो मालकी कोणाची, हे विचारण्यासाठी.

मग राजा स्वकीय असला की प्रश्न मिटतो काय? कोल्हापूरकरांना याचे उत्तर घरातच सापडेल. भोगावतीच्या पाण्यासाठी राधानगरीचे धरण योजणारे राजर्षी शाहू छत्रपती हे पाण्याचे मोल जाणणारे राजे होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम अपुरे होते. पुढे अनेक वर्षांनी ते पुरे झाले. दाजीपूरचे रान संस्थानी शिकारीसाठी राखलेले; म्हणून ते टिकले, आणि १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. पंचगंगेला मिळणारी भोगावती त्याच डोंगरांतून येते, हे शहरात घागर भरणाऱ्याने ध्यानी घ्यावे. तथापि शिकारीचे रान प्रजेच्या गुरांसाठी खुले नसते. राज्यकर्ता जवळचा असणे हा मोठाच लाभ. पण प्रजेचा अधिकार ही गोष्ट त्याहून वेगळी.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. जंगलाचा कायदा मात्र परक्यांनी १९२७ साली केला होता तोच राहिला, आणि आजही अंमलात आहे. रखवालदाराच्या टोपीवरील चिन्ह तेवढे बदलले. हे मला स्वातंत्र्याच्या पहिल्या साठ वर्षांतील मोठे अपुरेपण वाटते. ज्यांनी १९३० साली गोळ्या खाल्ल्या, त्यांनी मागितले होते ते एवढेच नव्हते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याचे पहिले मोठे फळ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा लेखा या गोंड वस्तीच्या छोट्या गावात दिसले. गावाच्या कारभाराचे निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने करण्याची रीत तेथे आधीपासून होती. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू मात्र खात्याच्या परवान्यावाचून रानाबाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बिळाशीचा साग तुटला, त्याला तेव्हा एक्याऐंशी वर्षे होत आली होती.